मूळचे कुठले?

रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर आम्हांला जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली होती. मे महिन्याच्या अखेरचे ऊन होते, छत्रीसारख्या पसरलेल्या पाइन वृक्षांच्या तापलेल्या राळेचा वास हवेत भरून राहिला होता, आणि खाली फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या, अवशेषांमधून फिरणाऱ्या शेकडो माणसांचा एकच एक गुणगुणाट वर ऐकू येत होता. आमच्या बावीस जणांच्या मराठी सहलीला वाटाड्या म्हणून लाभलेल्या इटालियन बाईंनी आम्हांला एका छपराखाली आणून उभे केले. कठड्यापलीकडे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ, मातकट खडकात काही गोल खड्डे कोरलेले होते, दुसरे काही नाही. बाई म्हणाल्या, की इसवी सनापूर्वी आठव्या शतकात येथे झोपड्या होत्या, १९४८ साली त्यांच्या खुणा उत्खननात सापडल्या, आणि रोम येथून सुरू झाले. मंडळींपैकी कुणीतरी ‘एवढंच?’ असे म्हटले आणि फोटोसाठी वर गेलेले हात खाली आले. तेव्हा आमच्यातले सर्वांत वयस्कर प्रवासी, वेल्ह्याकडचे एक शेतकरी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत होतो, माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताई, बाईंना विचारा, हे रोमन लोक मूळचे कुठले?’

मी प्रश्न इंग्रजीत पोचवला. बाईंनी घड्याळाकडे पाहिले, हसल्या आणि म्हणाल्या, ‘दुसरीकडचे. सगळेच.’ आणि पुढे चालू लागल्या. मी ते उत्तर मराठीत सांगितले, तेव्हा काकांच्या कपाळावर आठी उमटली. ‘मूळ नाही असं गाव असतं का कुठं?’ त्यांनी विचारले. माझ्याजवळ त्यावर काही उत्तर नव्हते, आणि तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर राहिला आहे.

मूळचे कुठले, हा प्रश्न आपण किती सहज विचारतो. रेल्वेत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आडनाव विचारल्यावर लगेच पुढचा प्रश्न तोच असतो. मी स्वतः आयुष्यभर ‘मूळचे राजापूरकडचे’ असे सांगत आले आहे. त्या गावात माझा जन्म झाला नाही, शिक्षण झाले नाही, आणि तिथल्या आमच्या घराचे आता केवळ जोते उरले आहे, ज्यावर रानमोडी माजलेली असते. तरीही ते नाव उच्चारताना पायांखाली काहीतरी घट्ट असल्यासारखे वाटते. मूळ म्हणजे जमिनीत गेलेली, हलवता न येणारी गोष्ट, अशी आपली समजूत असते. काकांची आठी त्या समजुतीतून आली होती, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात ती उमटली होती.

मायदेशी परतल्यावर मी पुन्हा रोमच्या जन्मकथा वाचायला घेतल्या. लांडगीच्या दुधावर वाढलेली जुळी भावंडे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात, पण त्या कथेचा पुढचा भाग आपण फारसा आठवत नाही. त्यांतल्या रोम्युलसने गाव तर वसवले, पण गावात राहायला माणसे नव्हती. तेव्हा त्याने कॅपिटोलाइन टेकडीवर दोन राईंच्या मध्ये आसऱ्याची एक जागा उघडली. जो येईल त्याला थारा. आसपासच्या प्रदेशांतून माणसांचा लोंढा तिथे आला, आणि त्यांत स्वतंत्र कोण, गुलाम कोण, हे कुणी विचारले नाही. इतिहासकार लिव्हीने हे लिहिले, तेव्हा रोम भूमध्य समुद्राभोवतीच्या जवळजवळ सगळ्या जगाचे धनी झालेले होते. अशा वेळी आपल्या पूर्वजांना एखादी उजळ कुळी चिकटवणे त्याला मुळीच अवघड नव्हते. उलट तो सांगतो, की इतर नगरांचे संस्थापक अशीच सटरफटर माणसे गोळा करत आणि मग ती भूमीतूनच उपजली असे खोटे रचत. आणि रोम्युलसच्या त्या आसऱ्याला तो पुढच्या मोठेपणाचे पहिले बळ म्हणतो. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. पळून आलेल्यांची वस्ती ही ज्या गावाची लाज ठरायला हवी होती, ती त्या गावाने आपल्या जन्मपत्रिकेत पहिल्या घरात लिहून ठेवली होती.

कथेला त्याहीमागे नेले, तरी उत्तर तेच मिळते. रोम्युलसच्या घराण्याचा आद्य पुरुष ईनिअस हा जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन आणि लहान मुलाचा हात धरून निघालेला परागंदा माणूस. रोम्युलसनंतर गादीवर आलेला न्यूमा सॅबाइन, म्हणजे शेजारच्या टोळीतला. थोरल्या टार्क्विन राजाचा बाप ग्रीसमधल्या कॉरिंथहून आलेला. त्याच्यामागून आलेला सर्व्हिअस टुलिअस तर एका बंदिवान स्त्रीचा मुलगा. हे सगळे अक्षरशः घडले असेल असे मला म्हणायचे नाही. यांतल्या बऱ्याचशा गोष्टी दंतकथाच आहेत. पण एखादा समाज आपल्याविषयी कोणती दंतकथा जतन करतो, यावरून तो कळतो. अथेन्सचे लोक आपण याच मातीतून उगवलो असे सांगत, आणि इसवी सनापूर्वी ४५१ मध्ये त्यांचा पुढारी पेरिक्लीस याने आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, असा कायदा करून घेतला. अथेन्स मला फार प्रिय आहे, त्याची नाटके आणि त्याचे वादविवाद आपल्या सगळ्यांच्या मालकीचे आहेत, पण त्याचे साम्राज्य एका माणसाच्या आयुष्यापेक्षा अधिक टिकले नाही.

रोमची ही ताकद शत्रूच्या डोळ्यांना अधिक स्पष्ट दिसली असावी. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने लारिसा या गावाला लिहिलेले एक पत्र दगडावर कोरलेले सापडले आहे. इसवी सनापूर्वी २१४ च्या सुमाराचे ते आहे. दोनच वर्षांपूर्वी कॅनीच्या मैदानात कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने एका दिवसात, लिव्हीच्या हिशेबाने, सुमारे ४८,००० रोमन सैनिक कापून काढले होते. फिलिप त्या हॅनिबलच्या बाजूचा. तरीही तो आपल्या माणसांना समजावतो, की रोमन लोक गुलामाला मुक्त केल्यावर त्याला नागरिक करून घेतात, अधिकारपदांतही वाटा देतात, आणि म्हणूनच त्यांनी एवढ्या ठिकाणी वसाहती वसवल्या आहेत. तुम्हीही गावाची दारे अशी बंद ठेवू नका. शत्रू विव्हळत असताना त्याच्याकडून शिकावे असे ज्याला वाटले, त्या राजाविषयी मला आदर वाटतो. त्याच्या राज्याने मात्र हे शिकून घेतले नाही. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत ते रोमच्या हाती गेले.

आणि मग क्लॉडिअस. अडखळत बोलणारा, पाय ओढत चालणारा, घरच्यांनीच बाजूला टाकलेला हा सम्राट इसवी सन ४८ मध्ये सिनेटपुढे उभा राहिला. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये घ्यावे असा त्याचा आग्रह होता आणि जुन्या घराण्यांचे सभासद संतापले होते. ज्यांच्या आज्यापणज्यांनी आमची सैन्ये कापली, त्यांना आमच्या शेजारी बसवायचे काय? क्लॉडिअसचे भाषण एका कांस्यपटावर कोरलेले होते. तो १५२८ साली लियाँ येथे सापडला, आणि लियाँ हेच क्लॉडिअसचे जन्मगाव. त्या पटावर तो सभासदांना त्यांच्याच राजांची यादी वाचून दाखवतो, न्यूमा, टार्क्विन, सर्व्हिअस, एकेक जण बाहेरचा. इतिहासकार टॅसिटसने दिलेल्या वृत्तान्तात तो स्वतःपासून सुरुवात करतो: माझ्या कुळाचा मूळ पुरुष सॅबाइन होता, आणि त्याला एका वेळीच नागरिकत्वही मिळाले आणि मानही. आज जे फार जुने वाटते ते एके काळी नवेच होते, असेही तो म्हणतो. काकांच्या प्रश्नाला रोमच्या सम्राटाने भर सभेत दिलेले हे उत्तर आहे, असे मला ते वाचताना वाटले. पुढे २१२ मध्ये कॅराकाला सम्राटाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिक केले. त्यामागे कर वाढवण्याचा हेतू होता असे तेव्हाच्याच एका इतिहासकाराने लिहिले आहे, आणि ते खरेही असेल.

इथे थांबले असते तर माझी अस्वस्थता संपली असती. ती संपली नाही.

रोमच्या मुक्कामात एका सकाळी मी एकटीच अॅपियन रस्त्यावर गेले होते. काळ्या, झिजून गुळगुळीत झालेल्या मोठमोठ्या दगडांचा तो रस्ता, दोन्ही बाजूंना थडगी, गवतात लाल खसखशीची फुले. इतकी शांतता, की स्वतःच्या चपलांचा आवाज मोठा वाटावा. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचे, गुलामांच्या पुढाऱ्याचे, बंड मोडल्यावर त्याच्या पकडलेल्या ६,००० साथीदारांना कापुआपासून रोमपर्यंत याच रस्त्याच्या कडेने क्रुसांवर चढवले होते. सुमारे दोनशे किलोमीटर. मी मनात भागाकार केला आणि दर तीस-पस्तीस मीटरांवर एक माणूस उभा राहिला. पुढची तीस पावले मला टाकता येईनात. रोम्युलसच्या आसऱ्यात पळून आलेल्या गुलामांना थारा मिळाला होता, आणि त्याच रोमच्या वेशीवर पळून गेलेल्या गुलामांची ही रांग संपत होती. त्या उघड्या दारापर्यंत पोचण्याची वाट लाखो माणसांनी साखळदंडांत चालून पुरी केली, आणि त्यांतले बहुतेक दारापाशी पोचलेच नाहीत. जन्मकथेतही हे सगळे लपवलेले नाही. गावाची भिंत उडी मारून ओलांडली म्हणून रोम्युलसने सख्ख्या भावाला, रीमसला, मारले. आसऱ्याला आलेल्या पुरुषांना बायका नव्हत्या, म्हणून सणाचे आमंत्रण देऊन बोलावलेल्या सॅबाइन लोकांच्या मुली पळवल्या. इसवी सनापूर्वी १४६ या एकाच वर्षी कार्थेज आणि कॉरिंथ ही दोन नांदती शहरे जमीनदोस्त झाली. रोमविषयी मला जे वाटते ते निव्वळ कौतुक कधीच होणार नाही, आणि निव्वळ तिरस्कारही मला साधत नाही. दोन्ही भावना एकाच वेळी मनात असतात आणि एकमेकींना ढकलत राहतात.

शेवटच्या दिवशी दुपारी आपल्याकडच्या वळवासारखा पाऊस आला आणि आम्ही सगळे पँथिऑन या प्राचीन मंदिरात शिरलो. ४३ मीटरहून अधिक व्यासाचा तो घुमट लोखंडाच्या सळीवाचून, चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या मिश्रणातून ओतलेला आहे आणि जवळजवळ एकोणीसशे वर्षे उभा आहे. त्याच्या माथ्याला भलेमोठे गोल भोक आहे. त्यातून पावसाचा एक उजळ खांब सरळ फरशीवर उतरत होता, भोवती माणसे रिंगण करून गप्प उभी होती, आणि पाणी संगमरवरात पाडलेल्या छोट्या भोकांतून वाहून जात होते. बाहेर दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत ऑगस्टस सम्राटाचा सेनापती अग्रिपा याचे नाव आहे: हे त्याने बांधले. प्रत्यक्षात अग्रिपाची इमारत जळून गेली होती, आणि आज दिसते ती हेड्रिअन सम्राटाच्या काळात, इसवी सन १२६ च्या सुमारास पुरी झाली. हेड्रिअनचे घराणे स्पेनमध्ये स्थायिक झालेले. त्याने आपले नाव न घालता जुनेच नाव पुन्हा कोरले. आणि ज्याचे नाव कोरले त्या अग्रिपाचे पूर्ण नाव मार्कुस व्हिप्सानिउस अग्रिपा. घराणे हलके म्हणून त्याने आपले कुलनाम वापरणे सोडले होते, असे जुने लेखक सांगतात. पँथिऑनच्या त्या भव्य ओळीतही ते नाही. मूळ सांगायला संकोचणाऱ्या माणसाचे नाव जगातल्या सर्वांत टिकाऊ छपरावर राहिले आहे, आणि इसवी सनापूर्वी १९ मध्ये त्याने शहरात आणलेल्या पाटाचे पाणी, अनेकदा दुरुस्त झालेल्या मार्गाने, आजही त्रेव्हीच्या कारंज्यात पडते.

अग्रिपाच्याच मृत्यूच्या वर्षीची, म्हणजे इसवी सनापूर्वी १२ ची, एक लहानशी नोंद मला या सगळ्या संगमरवराहून अधिक आवडते. पॅलाटाइनवर रोम्युलसची म्हणून एक झोपडी जपलेली होती. त्या वर्षी कावळ्यांनी कुठल्याशा वेदीवरचे जळते मांस उचलून तिच्यावर टाकले आणि ती जळाली. ती अर्थातच पुन्हा बांधली गेली. हॅलिकार्नाससचा ग्रीक इतिहासकार डायोनिसिअस सांगतो, की काठ्या आणि वेत यांची ती झोपडी आहे, तिला अधिक शोभिवंत करण्यासाठी काहीही जोडत नाहीत. वाऱ्यापावसाने किंवा काळाने काही बिघडले, तर ते शक्य तितके पूर्वीसारखेच करतात. हे वाचताना मला राजापूरच्या घरामागचा गोठा आठवला. दर वैशाखात आजोबा त्याची शाकारणी करून घेत. जुने कुजके गवत खाली ओढले जाई, त्याचा कुबट, ओलसर वास अंगणभर पसरे, मग नव्या गवताच्या पेंढ्या वर चढत आणि संध्याकाळपर्यंत गोठा सोनेरी होई. माझ्या जन्मापूर्वीपासून उभ्या असलेल्या त्या गोठ्यातली एकही काडी बहुधा दहा वर्षांपलीकडची नव्हती, तरी तो आम्हा सर्वांच्या लेखी पणजोबांचाच गोठा होता. रोमची झोपडीही तशीच असणार. जुनी म्हणायची ती झोपडी, आणि तिच्यातला प्रत्येक वेत बाहेरून नव्याने आणलेला. आजोबा गेल्यावर शाकारणी थांबली, आणि तीनच पावसाळ्यांत गोठा बसला.

रोमचे नावदेखील असेच माणसे बदलत टिकले. पश्चिमेकडचा शेवटचा सम्राट ४७६ मध्ये पदच्युत झाला, त्याचे नाव रोम्युलसच होते. पण पूर्वेकडच्या साम्राज्याच्या राजधानीतले, कॉन्स्टँटिनोपलमधले, ग्रीक बोलणारे लोक पुढे १४५३ पर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत राहिले. त्यांचा मुलूख अरबांच्या आणि तुर्कांच्या तोंडी ‘रूम’ झाला, आणि तुर्कांनी तो जिंकल्यावर तिकडून येणारा तुर्कही ‘रूमी’ झाला. आपली मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ती ओतणाऱ्या उस्तादाच्या नावातही ‘रूमी’ आहे. टायबर नदी त्याने कधी पाहिली नसेल. तरीही निजामशाहीत कुणी त्याला मूळचा कुठला असे विचारले असेल, तर त्याच्या उत्तरात रोमचे नाव होते. जिथे सगळे दुसरीकडून आले होते, ते गाव आता दुसऱ्यांच्या मुळाचे नाव झाले होते. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती आहे, रोमन व्यापाराबरोबर इकडे आलेली. शाळेच्या सहलीत मी ती पहिल्यांदा पाहिली, तेव्हा पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव काय करतो आहे, एवढाच प्रश्न मला पडला होता. आता त्याच्यासमोर उभे राहिले, तर माझ्या मनात वेगळे प्रश्न येतील.

त्या सकाळच्या टेकडीवर मात्र आणखी काही घडले होते, जे मी अजून सांगितलेले नाही. वाटाड्या बाई पुढे निघाल्या, मंडळी त्यांच्यामागे गेली, पण काका कठड्यापाशीच राहिले. गुडघ्यांवर हात टेकून ते खाली वाकले आणि बराच वेळ त्या खड्ड्यांकडे पाहत राहिले. मग बोट दाखवत, जणू स्वतःशीच, म्हणाले, ‘मेढी रोवायचे खड्डे आहेत हे. ही कडेची रांग कुडाची. मधे ही आढ्याची मेढ. हे दोन पुढं काढलेत, म्हणजे इथं दार. आणि हा चर पागोळ्यांच्या पाण्याचा.’ त्यांच्या गावी कारवीचे कूड शेणामातीने लिंपतात, असे त्यांनी मला सांगितले, आणि गोठा बांधताना आधी हेच सगळे आखावे लागते. इतका वेळ मला केवळ भोके दिसत होती. त्यांच्या बोटामागोमाग भिंती उभ्या राहिल्या, छप्पर उतरले, उंबऱ्याशी थोडी सावलीही पडली.

बाई आम्हांला बोलवायला परत आल्या. काकांनी त्यांच्याकडे न पाहता मला म्हटले, ‘ताई, विचारा, पाऊस कुठल्या अंगानं येतो इथं?’

मी विचारले. या वेळी बाईंनी घड्याळाकडे पाहिले नाही. त्या थोडा वेळ आठवत राहिल्या, मग त्यांनी वळून झाडांच्या पलीकडे, समुद्राच्या दिशेला हात केला. नैर्ऋत्येकडून येतो, असे त्या म्हणाल्या.

‘आमच्यासारखाच,’ काका म्हणाले, आणि कठडा सोडून चालू लागले.